पाण्याचा अध्याय

घरी बिअर कशी करावी हे शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकांचा मी निष्ठावंत वाचक आहे. नुसता वाचक हो! परवान्याशिवाय घरी बिअर करणं आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. वाचण्याला अजून परवाना लागत नाही.

या पुस्तकांत जवावरचा अध्याय रसाळ असतो. पाण्याचा आला, की लेखक थेट औषधांच्या दुकानात शिरतो. इंग्लंडातल्या बर्टनसारखी कडवट बिअर हवी? जिप्सम घाला. डब्लिनसारखी काळी हवी? खाण्याचा सोडा घाला. पिल्झेनसारखी हवी? मग क्षारच काढून टाका!

माझं भांडण इथंच आहे. बर्टनच्या विहिरींत जिप्सम मुळातच होतं. डब्लिनच्या चुनखट पाण्याला करपवलेल्या जवाचा आंबटपणा मानवला. पिल्झेनच्या मृदू पाण्यात १८४२ साली सोनेरी बिअर जमली. तिघांनीही शेजाऱ्याच्या पाण्याची नक्कल केली नाही. पदरी पडलेल्या पाण्याशीच सुखानं संसार केला.

आमच्या मुळशीचं पाणी म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून धावत आलेला पाऊस. क्षार गोळा करायला त्याला उसंत कुठली? हे तर पिल्झेनचंच भावंड. नळाचं असेल तर उकळून क्लोरीन घालवावा, बस्स.

जमिनी बुडू नयेत म्हणून १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मुळशीकर सत्याग्रहाला उभे राहिले. तरी धरण झालं, गावं बुडाली आणि पाणी भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागलं. एवढी किंमत मोजलेल्या पाण्याला निदान ‘बर्टनसारखं नाही’ म्हणून तरी नापास करू नये!