काशीबाईंचा 'पालखीचा गोंडा'

पालखी देवळाभोवती फिरते तेव्हा गोंडा साऱ्यांच्या डोळ्यांत भरतो. भार मात्र भोयांच्या खांद्यांवर असतो. हे आमच्या हरमलच्या वाचकांस सांगावयास नको. काशीबाई कानिटकरांनी आपल्या १९२८ सालच्या कादंबरीस नाव दिले ते याच गोंड्याचे. त्या वेळी त्यांचे वय ६७ वर्षांचे होते.

वाङ्मयचर्चेत काशीबाईंचे नाव बहुधा हरिभाऊ आपट्यांच्या मागून येते. हा निवाडा आम्हांस एकतर्फी वाटतो. माहेरी शिक्षण नाही, नवव्या वर्षी लग्न, आणि पती गोविंदरावांच्या आग्रहाखातर सासरच्यांच्या नाराजीतच वाचनास आरंभ, अशी या लेखिकेची तयारी. गोविंदराव न्यायखात्यातले, कवी, आणि मिलच्या स्त्रीविषयक ग्रंथाचे भाषांतरकार. हरिभाऊ या घरचे स्नेही. 'पण लक्षात कोण घेतो?' मधील यमू बोलते ते माजघर पुरुष लेखकास ज्या मोजक्या स्त्रियांकडून कळण्याजोगे होते, त्यांत काशीबाई होत्या. तेव्हा ऋण दुहेरी मानणेच न्यायाचे. आयर्लंडातील मारिया एजवर्थ हिच्याही वाट्याला हेच आले. वडिलांची जमीनदारी सांभाळण्यात तिचा हात होता, पण तिच्या लेखनात मात्र लोक वडिलांचा हात शोधीत राहिले. वस्तुतः १८०० साली आलेली 'कॅसल रॅकरेंट' सर्वस्वी तिची होती.

'रंगराव' (पुस्तकरूपाने १९०३) आम्हांस फारसा रुचत नाही. लांबण फार, आणि उपदेश सुरू झाला की पात्रे गप्प बसतात.

'पालखीचा गोंडा' मात्र निराळा. संस्थानिकाच्या घरी मुलगी पडली, मान मिळाला; पण राजा मंदबुद्धी. मग राज्यकारभार स्त्रिया हाती घेतात, स्त्रीशिक्षणाचा पाया घालतात. गोंड्यानेच भार उचलावा, ही कल्पना १९२८ साली लहान नव्हे.

तथापि वकिली नजरेस एक गोष्ट खटकते. राजा धडधाकट असता तर? राणीचा अधिकार तिच्या हक्कातून येत नाही, नवऱ्याच्या असमर्थतेतून येतो. ती मुखत्यार आहे, मालक नव्हे. काशीबाईंनी हा प्रश्न शेवटास नेला नाही. पण आम्ही गोवेकरांनी त्यांस हसू नये. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली. वेगळा करार नसेल तर तिने पत्नीस संसाराच्या मालमत्तेत अर्धा वाटा दिला, आणि त्याच संहितेने वहिवाट पतीकडे ठेवली. पती गैरहजर वा असमर्थ असेल तरच ती पत्नीकडे यावयाची. राणीची स्थिती याहून वेगळी कोठे आहे? आणि ज्या देवस्थानांची पालखी आम्ही भक्तिभावाने मिरवतो, त्यांच्या महाजनांच्या याद्या उघडून पाहाव्यात. तेथे बहुधा पुरुषांचीच नावे आढळतील.