आयत्या नावांचे मूळ

धाराशिव जिल्ह्यातील माकणी गावात कोणी "धरणावर जाऊन येतो" म्हणाले, तर कोणते धरण हे विचारावे लागत नाही. ते निम्न तेरणाच. पैठणमध्ये त्याच शब्दाचा अर्थ जायकवाडी. नाव एकच, अर्थ मात्र ते कोठे उच्चारले यावर ठरतो. संगणकाच्या भाषांमध्ये नावांच्या अशा क्षेत्राला नेमस्पेस म्हणतात.

पायथन शिकवणारी माझ्या पाहण्यातली बरीच पुस्तके नेमका हाच भाग गाळतात. 'प्रिंट ही आज्ञा, सम ही आज्ञा' एवढे सांगून ती पुढे जातात. हे बरोबर नाही. पायथनचे राखीव शब्द (इफ, फॉर इत्यादी) अवघे ३५ आहेत. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रिंट त्यांत नाही. सम तर कधीच नव्हते. ही साधी नावे आहेत. पायथन सुरू होताच 'बिल्टइन्स' हा संच आपोआप हजर होतो, त्यातली.

न सांगितल्याने काय बिघडते? विद्यार्थी गुणांची बेरीज करतो आणि तिला 'सम' हे नाव देतो (अर्थात रोमन लिपीत). पायथन तक्रार करीत नाही. दहा ओळींनंतर तो दुसऱ्या यादीची बेरीज करण्यासाठी सम वापरू जातो, तेव्हा संदेश येतो: 'इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल'. म्हणजे, पूर्णांकाला फंक्शनसारखे वापरता येत नाही.

याचे कारण असे. पायथन नाव शोधते ते आतून बाहेर: आधी चालू फंक्शनमध्ये, मग ते ज्या फंक्शनच्या पोटात असेल त्यात, मग फाइलमध्ये आणि सर्वांत शेवटी बिल्टइन्समध्ये. जवळचे नाव सापडले की शोध थांबतो. मूळ सम पुसले गेलेले नसते, झाकले गेलेले असते. 'डेल सम' असे लिहून पाहा. ते पुन्हा मिळते.

पुस्तक गप्प राहते, म्हणून मुलाला वाटते की यंत्र लहरी आहे किंवा आपण मठ्ठ आहोत. दोन्ही खोटे. यंत्र नियमानेच वागले. तो नियम मुलाला कोणी सांगितला नव्हता. विज्ञानाच्या तासाला 'ते असेच असते' हे उत्तर आपण चालवून घेत नाही. मग संगणकाच्या तासाला का घ्यावे?

शिक्षकांनी हा प्रयोग पहिल्या आठवड्यातच वर्गात करावा. त्यानंतर विद्यार्थ्यांना आपल्या उत्तरासाठी 'बेरीज' हे देवनागरी नाव देऊन पाहू द्यावे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीला ते चालते, आणि आयत्या नावाशी त्याची टक्करही होत नाही.