बहिणाबाईंचे ‘मन’ : चंचलतेचा वेगळा अन्वय

मराठी काव्यपरंपरेने मनाच्या चंचलतेकडे प्रामुख्याने संयमनाच्या दृष्टीने पाहिले आहे. समर्थ रामदासांचे २०५ ‘मनाचे श्लोक’ मनाला सज्जन म्हणून गौरवितात; परंतु त्या गौरवामागे त्याला भक्तिपंथास लावण्याचा आग्रह आहे. भरकटलेले मन सुखाला मुकते, हे त्यातील गृहीत.

आधुनिक मानसशास्त्रही या गृहीताच्या जवळ आलेले दिसते. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ व डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांकडून त्या त्या क्षणीच्या मनःस्थितीच्या नोंदी घेतल्या. ४६.९ टक्के नोंदींत मन हातातल्या कामावर नव्हते. आणि सुखद विचारांत रमलेले मनही कामात गुंतलेल्या मनाहून अधिक सुखी आढळले नाही.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ‘मन’ या कवितेचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची गाणी शेतात आणि जात्यावर, कष्टांच्या सोबतीने जन्मली. ती ग्रंथरूपाने १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली. येथे मन हे उभ्या पिकात पुनःपुन्हा शिरणारे ढोर आहे, वारा आहे, पाखरू आहे, वीज आहे. सापविंचवाच्या विषावर उतारा असतो, मनाच्या विषावर नाही, ही जाणीवही येथे आहे. चंचलतेतील दुःख बहिणाबाई नाकारीत नाहीत. मात्र त्या मनाला उपदेश करीत नाहीत.

कवितेची रचनाही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. प्रतिमा भुईवरून आभाळात आणि आभाळातून पुन्हा भुईवर झेपावतात. म्हणजे कविता मनासारखीच भटकते. ओवीची लय मात्र तिला विखरू देत नाही. शेवटी असे मन घडविणाऱ्या देवालाच जागेपणी स्वप्न पडले असावे, अशी कल्पना येते. ज्या चंचलतेला परंपरेने दोष मानले, तिचे मूळ येथे थेट निर्मात्याच्या स्वप्नात शोधले जाते.

जात्याच्या फेऱ्यात हात बांधलेले असताना मन मोकळे असते. असे सुटलेले मन दुःखाकडे जाते, हे निरीक्षण या कवितेने खोटे ठरत नाही. तेच मन गाण्याकडेही जाते, हे मात्र क्षणाक्षणाचे सुख मोजून कळत नाही. ते कवितेतूनच कळते.