वडिलांच्या उशाशी कोण बसते?

मुलांच्या पुस्तकात आई आजारी पडली की लेखक वाचकाला थेट तिच्या उशाशी नेऊन बसवतो. 'श्यामची आई' (१९३५) वाचलेल्या माणसाला त्या उशाची वेगळी ओळख करून द्यायला नको. वडिलांनी अंथरूण धरले, की हाच लेखक वाचकाला बहुधा उंबऱ्याबाहेर थांबवतो. हे अंतर कसे राखले जाते आणि कुठे मोडते, हे चार पुस्तकांच्या आधारे पाहता येते.

लुइझा मे अल्कॉटची 'लिटल विमेन' (१८६८) शान्ता शेळके यांच्या 'चौघीजणी'मुळे आपल्याकडे घरोघरी पोचली. त्यातले वडील अमेरिकन यादवीच्या काळात दूर वॉशिंग्टनच्या रुग्णालयात आहेत. तार येते, आई निघते, ज्यो आपले केस विकून पंचवीस डॉलर आणते. त्यानंतर वडिलांचे दुखणे पत्रांतूनच कळते. धाकट्या बेथचा ताप मात्र लेखिका रात्रीमागून रात्र जवळून दाखवते. अल्कॉटने त्याच युद्धात सैनिकांची शुश्रूषा केली होती. आजारी पुरुष कसा दिसतो हे तिला पुरते ठाऊक होते, तरी तिने वडिलांची खाट कथेबाहेरच ठेवली.

ही खाट कथेत आणली ती इटालियन लेखक एदमोन्दो दे अमिचिस यांनी, 'कुओरे' (१८८६) या पुस्तकातल्या एका गोष्टीत. खेड्यातला एक मुलगा कपड्यांचे बोचके घेऊन नेपल्सच्या रुग्णालयात वडिलांना भेटायला येतो. त्याला एका खाटेपाशी नेतात. रोग्याचा चेहरा सुजून ओळखू न येण्याजोगा झालेला. मुलगा पांघरूण सारखे करतो, चिलटे वारतो, परिचारिकेच्या हातातला पेला घेऊन स्वतः पाणी पाजतो. पाच दिवस असे जातात आणि अचानक त्याचे खरे वडील बरे होऊन समोर उभे राहतात. खाटेवरचा माणूस कोणी परकाच असतो. तरीही मुलगा घरी जात नाही. त्या माणसाचे प्राण जाईपर्यंत तो तिथेच बसतो आणि पाच दिवस ज्या नावाने हाक मारली त्याच नावाने त्याचा निरोप घेतो.

मुलाने मायेने केलेली सेवा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, आणि ते खरेच आहे. पण तिची रचना आणखी काही सांगते. बापाचे असहाय शरीर आणि मरण मुलांना दाखवायचे, तर लेखकाला खाटेवर दुसराच माणूस आणावा लागला. खरा बाप आपल्या पायांवर चालत घरी गेला.

बाप म्हणजे कमावता हात, हे समीकरण या संकोचामागे असावे. तो हात थांबला की कथेचे लक्ष बापावरून उठते आणि मुलाच्या धडपडीवर जाते. अनिता देसाई यांची 'द व्हिलेज बाय द सी' (१९८२) अलिबागजवळच्या थळ गावात घडते. आई अंथरुणाला खिळलेली, वडील दारूत बुडालेले. हरी कामासाठी मुंबई गाठतो. आईच्या वाट्याला आजार हा शब्द येतो आणि वडिलांच्या वाट्याला मुलांचा तिरस्कार. पुढे आईला अलिबागच्या रुग्णालयात नेल्यावर हेच वडील तिच्यासाठी तिथे राहतात आणि सावरू लागतात. म्हणजे बापाला त्याची जागा परत मिळते ती दुसऱ्याची शुश्रूषा करताना. त्याची स्वतःची शुश्रूषा कोणी करावी, हा प्रश्न तसाच राहतो.

डेबोरा एलिस यांची 'द ब्रेडविनर' (२०००) तालिबानी राजवटीतल्या काबूलमध्ये घडते. परवानाच्या वडिलांचा पाय बॉम्बहल्ल्यात गेला आहे आणि कृत्रिम पायही त्यांनी विकला आहे. अकरा वर्षांच्या मुलीच्या आधाराने ते बाजारात जातात, निरक्षरांची पत्रे वाचून-लिहून देतात, घरी मुलांना शिकवतात, गोष्टी सांगतात. पुढे त्यांना तुरुंगात टाकले जाते आणि मुलगी मुलाचा वेश घेऊन घर चालवते. ते खंगून परततात तेव्हा त्यांची खाट आपल्याला घरातच दिसते, आणि तिच्यावर झोपलेला माणूस परका नसतो. त्यांचे बापपण कमाईवर कधी टांगलेलेच नव्हते, म्हणून ते अंथरुणावरही टिकते.

ज्या मुलाच्या घरी वडील अंथरुणावर आहेत, त्याला केस विकणारी ज्यो धीर देईल. पण शाळेतून आल्यावर त्या खाटेपाशी बसून काय बोलायचे, हे त्याला परवानाच्या घरातच सापडेल. बालसाहित्याच्या अभ्यासकाने आजारी बापाची पात्रे मोजण्याआधी हे पाहावे, की कमाई थांबल्यावर किती पुस्तकांत त्याच्याशी कोणी बोलते.