ऐकणारं माणूस कोण? ‘आत्मकथा’ नाटक आणि मानसोपचार



आपल्या नागपुरात मनाच्या दुखण्यावर दोन सल्ले तयार असतात. पहिला मोठ्यानं दिला जातो : ‘मनात ठेवू नको, बोलून टाक न!’ दुसरा कुजबुजत : ‘पागलखान्यात दाखवलं का?’ ज्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला आपण हे नाव ठेवलं, ते १८६४ पासून या शहरात आहे. इतकी वर्षं शेजारी राहूनही आपली भीड चेपलेली नाही. या दोन सल्ल्यांच्या मधे बरीच मोठी जागा रिकामी पडलेली आहे, आणि मानसोपचार, ज्याला आपण सर्रास थेरपी म्हणतो, तो त्या जागेतला. ही जागा समजून घ्यायला आज आपण आपल्याच गावच्या नाटककाराचं एक नाटक घेऊ : महेश एलकुंचवार यांचं, १९८८ मधलं ‘आत्मकथा’.

राजाध्यक्ष हे वयोवृद्ध, नामवंत लेखक. ते आपली आत्मकथा सांगतात आणि प्रज्ञा ही तरुण अभ्यासक ती टिपून घेते. पत्नी उत्तरा वेगळी राहते. उत्तराची बहीण वासंती हा त्यांच्या आयुष्यातला दुखरा भाग. यावर त्यांनी पूर्वी कादंबरीही लिहिलेली आहे. म्हणजे एकाच घटनेची किती रूपं झाली बघा : घडलेलं, कादंबरीतलं, आता सांगितलं जाणारं, आणि त्या दोघी बहिणींना आठवणारं. यातलं हेच खरं, असं नाटक कुठेच म्हणत नाही.

वरवर पाहिलं तर हे थेरपीचंच दृश्य आहे. एक बोलतो, एक ऐकते, भूतकाळ उकलत जातो. मग राजाध्यक्ष मोकळे का होत नाहीत? आम्हाला वाटतं, कारण ते फार छान बोलतात. शब्द हे त्यांचं लपण्याचं ठिकाण आहे. कबुलीसुद्धा ते अशी घडवतात की ऐकणाऱ्यानं दाद द्यावी. आणि हे काही फक्त लेखकच करतात असं नाही. ‘आमच्या घरी सगळं चांगलं होतं हो,’ हे वाक्य आपण किती सफाईनं म्हणतो! वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली ती एक गोष्टच असते.

मानसोपचाराच्या इतिहासाच्या सुरुवातीलाच हा धडा आहे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ च्या पुस्तकातली ‘ॲना ओ.’ या उपचाराला गमतीनं ‘धुराडं साफ करणं’ म्हणायची. नुसत्या बोलण्यानं ती बरी झाली, अशी कथा रूढ झाली. प्रत्यक्षात ब्रॉयरचे उपचार संपल्यावर, १८८२ मध्येच, तिला आरोग्यधामात दाखल व्हावं लागलं. पुढे हीच स्त्री, बेर्था पापेनहाइम, समाजकार्यात मोठं नाव झाली. म्हणजे ती सावरली, पण धुराडं साफ झालं आणि आजार पळाला, इतकं ते सोपं नव्हतं.

मग थेरपीत वेगळं काय असतं? आमच्या मते, मुख्य फरक ऐकणाऱ्यात असतो. प्रज्ञा हुशार आहे, अडचणीचे प्रश्न विचारते. पण तिला त्या कहाणीतून काही हवं आहे. तिचा अभ्यास त्यावर उभा आहे. आई, मित्र, नवरा, बायको यांनाही आपल्या गोष्टीतून काहीतरी हवंच असतं. निदान आपण लवकर हसावं, एवढं तरी. थेरपिस्टला आपल्या गोष्टीचा विशिष्ट शेवट नको असतो. वेळ ठरलेली, फी ठरलेली, गुप्तता ठरलेली. हा कोरडेपणा अनेकांना खटकतो. पण त्या कोरड्या जमिनीवरच ‘चांगलं म्हणजे नेमकं काय?’ असा साधा प्रश्न विचारता येतो आणि तो आपल्याला टोचला तरी नातं तुटत नाही. अल्बर्ट एलिसची पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. तिचा रोखही इथेच आहे : काय घडलं यापेक्षा, घडलेल्याबद्दल तुम्ही स्वतःला काय सांगत आलात?

आता नाटकाबद्दलची आमची एक तक्रार. सत्याला अनेक रूपं असतात, हे दाखवून ‘आत्मकथा’ थांबतं. नाटकाला ते शोभतं. माणसाला तिथे थांबून चालत नाही, त्याला सोमवारी कामावर जायचं असतं. थेरपीही अंतिम सत्य देत नाही. आपलीच गोष्ट जरा वेगळी निघाली तर ती सोसण्याचं बळ मात्र ती हळूहळू देऊ शकते.

पण नाटक थेरपीलाही एक गोष्ट शिकवतं. ‘आत्मशोध’ हा फार एकट्याचा शब्द आहे. राजाध्यक्षांच्या शोधाची किंमत उत्तरा आणि वासंती मोजतात. स्वतःला ओळखण्याच्या नादात आपण ज्यांना दुखावलं ते दिसेनासे झाले, तर त्याला बरं होणं म्हणू नये.

म्हणून, दोन भेटींत ‘मन हलकं झालं’ म्हणून थेरपी सोडणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं : हलकं वाटलं, छान झालं. पण तुमची गोष्ट अजून जशीच्या तशीच असेल, तर तिसऱ्या भेटीला जरूर जा.