कृती माहीत असणं आणि हात बसणं : सर्वायव्हल गेममधल्या क्राफ्टिंगची तुलना



नशिराबादमध्ये गेमवर व्याख्यान आहे म्हटल्यावर एका काकांनी आम्हाला दारातच सुनावलं : "पोरं आधीच मोबाइल सोडत नाहीत, त्यात तुम्ही आणखी तेल ओता." काका पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांचं म्हणणं आम्ही विसरलेलो नाही, शेवटी त्याच्याकडेच यायचं आहे.

आधी ज्यांनी हे गेम पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सँडबॉक्स सर्वायव्हल गेममध्ये तुम्हाला एका मोठ्या जगात रिकाम्या हातानं सोडतात. झाड तोडा, दगड गोळा करा, त्यातून हत्यार बनवा, हत्यारानं लोखंड काढा, घर बांधा आणि जगा. ऑनलाइन असेल तर त्याच जगात दुसरी माणसंही असतात. कच्च्या मालातून वस्तू बनवण्याची जी व्यवस्था, ती क्राफ्टिंग. या गेमचं सगळं वजन या एका गोष्टीवर असतं.

पण अशा गेमची तुलना होते ती बहुधा आकड्यांनी. कोणात किती वस्तू, किती शस्त्रं, किती कृती. आम्हाला ही मोजपट्टी चुकीची वाटते. का, ते खापरावरच्या मांड्यांवरून सांगतो.

मांड्याची कृती इथे कोणालाही विचारा. कणीक, पुरण, चुलीवर पालथं घातलेलं खापर. एवढं सांगितलं म्हणजे मांडा झाला का? पुरण भरलेला उंडा हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि न फाटता खापरावर अलगद टाकायचा, हे कृतीत लिहिता येत नाही. पहिले दहा-बारा फाटतात. मग कधीतरी हात बसतो. आणि हात बसेपर्यंत शेजारी आई, काकू, आजी कोणीतरी उभी असावी लागते.

म्हणून आम्ही प्रत्येक गेमला तीन प्रश्न विचारतो. कृती कुठून कळते? बनवताना हाताला काही करावं लागतं का? आणि बनवण्यासाठी दुसऱ्या माणसाची गरज पडते का?

सुरुवात माइनक्राफ्टपासून. २००९ साली लोकांसमोर आला, २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात निघाला. त्याचं क्राफ्टिंग म्हणजे नऊ चौकटींचं टेबल. वरच्या ओळीत तीन दगड, मधल्या रांगेत खाली दोन काठ्या, की झाला टिकाव. नीट बघा, चौकटीत मांडलेला तो आकार टिकावासारखाच दिसतो. म्हणजे गेम तुम्हाला वस्तूचा आकार डोळ्यांसमोर आणायला लावतो. ही फार साधी आणि फार हुशार कल्पना होती. सुरुवातीची बरीच वर्षं गेममध्ये कृतींचं पुस्तकच नव्हतं, ते २०१७ मध्ये आलं. तोवर कृती कळायची ती मित्राकडून, नाहीतर इंटरनेटवर शोधून. पुस्तक आल्यावर सोय झाली, नवीन खेळाडूला ते हवंच होतं. पण "अरे, दरवाजा कसा करतात?" हा प्रश्न गेला, आणि त्या प्रश्नासोबत विचारायला जायचं माणूसही गेलं. दुसऱ्या प्रश्नावर माइनक्राफ्ट अर्धा पास. आकार तुम्ही मांडता, पण मांडल्यावर टिकाव दर वेळी तसाच निघतो. पहिला आणि हजारावा यात फरक नाही.

व्हॅलहाइम हा २०२१ चा स्वीडिश गेम. इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला सगळ्यात आवडलं. नवीन वस्तू पहिल्यांदा हातात घेतली की तिच्यापासून काय काय होऊ शकतं ते तुम्हाला सुचतं. किनाऱ्यावर चकमकीचा दगड उचलला की कुऱ्हाड, सुरी, भाला डोळ्यांसमोर येतात. म्हणजे ज्ञान यादीतून येत नाही, साहित्याला हात लावल्यावर येतं. शेतकऱ्याला बाभळीचं लाकूड बघून औताचा कोणता भाग निघेल ते दिसतं, तसंच हे. घर बांधतानाही आधार तपासावा लागतो. लाकडाचा रंग लाल होत गेला की समजायचं, आता वरचं टिकणार नाही.

पण व्हॅलहाइमची एक गोष्ट आम्हाला खटकते. मोडत आलेली वस्तू टेबलाजवळ नेली की फुकटात नवी होते. ना साहित्य, ना वेळ. आपल्याकडे शेतीच्या अवजाराचं आयुष्य डागडुजीवर चालतं. वखराची पास बोथट झाली की लोहाराकडे नेऊन पाजवून आणायची, तिला पाणी द्यायचं. निम्मं कारागिरीचं ज्ञान दुरुस्तीत आहे, आणि गेम नेमकं तेच कंटाळवाणं समजून काढून टाकतो.

आता रस्ट. रस्टमध्ये हातात एक दगड आणि एक मशाल घेऊन तुम्ही समुद्रकिनारी उठता, आणि समोरचा माणूस बहुधा तुम्हाला मारायलाच येतो. इथे ज्ञान ही मालमत्ता आहे. एखादी वस्तू कशी बनते हे शिकायचं तर ती वस्तू संशोधनाच्या टेबलावर ठेवायची, वर भंगार मोजायचं, आणि ती वस्तू नष्ट होते. शिकण्यासाठी वस्तू मोडावी लागते, ही गोष्ट कुठल्याही गॅरेजवाल्याला पटेल. पण शिकलेलं कोणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं तर तोच उद्या तुमचं घर फोडेल. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सर्व्हरवरचं जग पुसून नव्यानं सुरू होतं. रस्ट वाईट गेम आहे असं आम्ही म्हणत नाही. टंचाईत माणसं कशी वागतात हे तो प्रामाणिकपणे दाखवतो. पण बनवणं इथे लढाईची तयारी आहे, त्यापलीकडे काही नाही. बटण दाबा, थांबा, वस्तू तयार.

हाताच्या प्रश्नाला खरं उत्तर देतो तो व्हिंटेज स्टोरी. मडकं करायचं तर मातीचे बारीक ठोकळे थरावर थर रचावे लागतात. मग खड्ड्यात ठेवून, वर गवत, काड्या, सरपण घालून भाजावं लागतं. दगडाचं पातं करायचं तर नको असलेला भाग एकेक टवका उडवून काढायचा. लोखंड तापवून ऐरणीवर ठोकताना ते निवायच्या आत काम उरकावं लागतं. हे खरं कुंभारकाम नाही, खरी लोहारकी नाही, हे आम्हालाही कळतं. पण वस्तू आणि तुम्ही यांच्यामध्ये वेळ आणि श्रम आहेत, एवढं तरी तो कबूल करतो. दहाव्या मडक्याला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, कारण तोवर तुमचा हात बसलेला असतो.

तिसरा प्रश्न दुसऱ्या माणसाचा. इथे इको नावाचा गेम बघण्यासारखा आहे. त्यात एकट्यानं सगळं शिकणं फार महाग पडतं. म्हणून कोणी सुतार होतो, कोणी गवंडी, कोणी शेतकरी, कोणी लोहार, आणि देवघेव करावीच लागते. आकाशातून उल्का येणार असते, साधारण तीस दिवसांची मुदत. तोवर तंत्रज्ञान वाढवायचं, पण धातू गाळल्यावर उरलेला मळ कुठेही टाकला तर जमीन आणि पाणी खराब होतं. त्यासाठी खेळाडूच मतदान करून कायदे करतात.

हे ऐकून तुम्हाला बलुतेदारी आठवली असेल. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात तिचं तपशीलवार वर्णन केलं आहे. लोहार, सुतार, कुंभार, चांभार, आणि कामाच्या बदल्यात खळ्यावर मिळणारं धान्य. पण इथे जपून बोलायला हवं. इको आणि गावगाडा यांत दिसायला साम्य आहे, मुळात मोठा फरक आहे. इकोमध्ये काम तुम्ही निवडता. गावात ते जन्मानं गळ्यात पडायचं, आणि त्यासोबत मान किंवा अपमानही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण त्यांना करू न दिलेल्या भाषणात हेच दाखवलं : जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडली. म्हणून 'जुन्या गावात कसं सगळे एकमेकांवर अवलंबून होते' असा उमाळा आम्हाला येत नाही. एकमेकांची गरज असणं चांगलं. ती गरज कोणाच्या तरी गळ्यातला फास होणं वाईट. इकोसारखा गेम पहिली गोष्ट ठेवून दुसरी काढून बघायची संधी देतो. गेमकडून यापेक्षा जास्त काय मागायचं?

मग आमचा निकाल काय? सुचण्यासाठी व्हॅलहाइम, हातासाठी व्हिंटेज स्टोरी, माणसासाठी इको. माइनक्राफ्ट सगळ्यांचा बाप, पण आता थोडा आळशी झालेला. आणि एक उणीव सगळ्यांतच आहे : कोणत्याच गेममध्ये उस्ताद नाही. चुकलेलं मडकं बघून "पाणी जास्त झालं, परत मळ" असं सांगणारं कोणी नाही. ते काम दुसऱ्या खेळाडूलाच करावं लागतं. आम्ही पाच-सहा जण एका सर्व्हरवर खेळायचो तेव्हा खरं शिकणं गप्पांच्या खिडकीतच झालं. एक जण भट्टी लावायचा, बाकीचे त्याला छळायचे आणि शिकायचे.

आता काका, तुमच्याकडे. तुमची भीती वेळ वाया जाण्याची आहे. आमची भीती वेगळी आहे. साहित्य जमलं की वस्तू झाली, असं पोराला वाटू लागलं तर एक दिवस त्याला लोहाराच्या, गवंड्याच्या, मांडे करणाऱ्या बाईच्या मजुरीत फक्त साहित्याचा खर्च दिसेल. "एवढे पैसे कशाचे?" असं तो विचारेल. हे आजही घडतं, आणि ते विचारणारे सगळे काही गेम खेळणारे नसतात.

तेव्हा मोबाइल काढून घ्यायच्या आधी एकदा त्याच्याशेजारी बसा. त्याला विचारा : हे तुला कोणी शिकवलं? करताना काय चुकलं? हे तू कोणासाठी केलंस? आणि पुढच्या खेपेला पास पाजवायला जाल तेव्हा त्यालाही सोबत न्या. ऐरण दोन्हीकडे आहे. फरक त्याचा तोच सांगेल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.