बर्फातील वस्त्रप्रतिमा : एक चिकित्सा

फॅशन छायाचित्रणात निसर्ग केवळ पार्श्वभूमी असतो, हा रूढ समज हिमप्रदेशातील चित्रणाबाबत टिकत नाही. बर्फावरून प्रकाश चोहीकडे परावर्तित होतो; त्यामुळे वस्त्राचा रंग व बाह्यरेषा विलक्षण उठून दिसतात. मात्र कॅमेऱ्याचा प्रकाशमापक शुभ्र बर्फ करडा करून टाकतो, म्हणून छायाचित्रकाराला एक ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. येथपर्यंत प्रश्न तंत्राचा आहे.

खरा प्रश्न देहाचा आहे. आपल्याकडे ही वस्त्रप्रतिमा प्रामुख्याने चित्रपटगीतांतून पोहोचली. 'चांदनी'ने (१९८९) स्वित्झर्लंडमध्ये शिफॉन साडीचा संकेत दृढ केला. 'पुकार'मधील (२०००) अलास्कात चित्रित झालेल्या गीतात माधुरी दीक्षित पातळ साडीत, तर अनिल कपूर उबदार कपड्यांत आहेत. थंडीपासून रक्षण हे वस्त्राचे आद्य प्रयोजन येथे केवळ पुरुषाच्या वाट्याला येते. नायिकेच्या अंगावरचा काटा मात्र चौकटीबाहेर ठेवला जातो. मराठवाड्यातील प्रेक्षकाने बर्फ बहुधा पडद्यावरच पाहिलेला असतो, त्यामुळे त्याला ही विसंगती सहसा खटकत नाही. सौंदर्यासाठी हे अपरिहार्य होते, असा युक्तिवाद मान्य करणे कठीण आहे. अंगभर फेरनही पडद्यावर किती खुलतो, हे 'काश्मीर की कली'मध्ये (१९६४) शर्मिला टागोर यांच्या रूपाने दिसले होतेच.